भेसळ

जकार्तातल्या आमच्या घरात माझ्या नवऱ्याचा, बिनसारचा, एक नियम होता. लेकीसमोर बोलायचं तर शुद्ध इंडोनेशियन, नाहीतर शुद्ध इंग्रजी. दोन्हींची भेसळ नको, आणि गावाकडची बोली तर मुळीच नको. मारिसा शाळेत मागे पडेल ही धास्ती मलाही होतीच.

क्लातेनहून माझी आई राहायला आली. नातीला भरवताना तिच्या तोंडून आमची जावानीज बोली निसटली की बिनसार हसत टोकायचा, "आई, हा शब्द शब्दकोशात नाही हं."

एकदा ती म्हणाली, "जावईबापू, नातीचे लाड पण शब्दकोश बघून करू का?"

मी तिलाच गप्प केलं. "आई, पोरीच्या भल्यासाठीच सांगतोय ना तो!"

त्यानंतर ती मुक्यानेच घास भरवू लागली आणि ठरल्याच्या आधीच क्लातेनला परत गेली.

नाताळात आम्ही तोबा सरोवराकाठी बिनसारच्या घरी गेलो. सासूबाईंनी दारातच मारिसाला उचललं आणि त्यांच्या गावाकडच्या बातक बोलीत काहीतरी विचारलं.

"तिला नाही कळत, इनांग," मी सासूबाईंना घाईने म्हणाले.

मारिसाने त्यांच्या गळ्यात हात टाकले आणि बातकमध्येच, न अडखळता, लांबलचक उत्तर दिलं. बिनसार गाडीतून सामान काढत राहिला.

 

सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "अगं, बिनसार शाळेत सोडायला जाताना रोज शिकवतो तिला. म्हणतो, आजीशी बोलता येत नसेल तर ती नात कसली?"