काकांचा अंदाज

"थांब. खुनी डॉक्टर हाये," गोविंदाकाका म्हणाले.

अश्विनीने पानात बोट ठेवलं. आत्ता कुठे दुसरं प्रकरण संपत आलं होतं.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे काकांच्या डोळ्यावर हिरवी पट्टी होती. म्हणून देऊळघाटच्या घरी ओसरीत बसून ती त्यांना एक जुनी रहस्यकादंबरी वाचून दाखवत होती. आजी रुखमाबाई शेंगा फोडत ऐकत होत्या.

कादंबरी झकास होती. कापसाच्या जिनिंगमध्ये झालेला खून, आणि प्रत्येक दुवा प्रयोगशाळेत तपासून घेतल्यासारखा चोख. फक्त तो गुप्तहेर डोक्यात जायचा. प्रश्न विचारण्याआधी चष्मा पुसायचा, उत्तर आलं की हवालदाराला मठ्ठ म्हणायचा. थेट काकाच.

काकांनी आजवर एकाही कादंबरीतला खुनी चुकवला नव्हता, म्हणून घरात त्यांचा शब्द शेवटचा. दिवाळीत आजीची अंगठी हरवली, तेव्हाही त्यांनी बसल्या जागेवरून सांगितलं होतं, "वहिनीची पिशवी पाहा." अंगठी तिथेच निघाली. अश्विनीची आई जयमाला त्याच दिवशी धाड गावी माहेरी गेली, ती अजून परतली नव्हती.

"अन् डॉक्टर नसला तर?" अश्विनीने विचारलं.

"माहा अंदाज चुकते का कधी?"

"चुकला तर आईची माफी मागायची. आजीसमोर."

"मागीन. वाच वं."

ती चवीने वाचत गेली. गुप्तहेराचा चष्मासुद्धा तिने गोड मानून घेतला. शेवटच्या प्रकरणात खुनी खरोखरच डॉक्टर निघाला. अश्विनीने ती ओळ डोळ्यांनी वाचली आणि तोंडाने म्हणाली, "खुनी होता मुनीम!"

आजी खदखदून हसल्या. "हरला ना गोविंदा! लाव फोन जयमालेले."

"कायचा मुनीम? पोरगी खोटं वाचून राह्यली!" काका ताडकन उठून बसले. "डॉक्टर दवाखान्याच्या पायरीवर बसून सारं कबूल करते. हातात विझलेला कंदील असते त्याच्या!"

शेंगा फुटायच्या थांबल्या.

"कंदील आहे, काका," अश्विनी शांतपणे म्हणाली. "पण ते पान मी अजून वाचून दाखवलेलं नाही."

आजींनी सूप बाजूला सारलं.

"म्हंजे पुस्तकातलं तुले आधीच ठावं असते," त्या सावकाश म्हणाल्या. "मंग गोविंदा, पिशवीतल्या अंगठीचं कसं ठावं होतं रे?"