सर्व्हे नंबर एकोणचाळीस

गुरुदत्तने खाडीकाठी नकाशा पसरला आणि चारी कोपऱ्यांवर गोटे ठेवले. कोलशेत, सर्व्हे नंबर एकोणचाळीस. जमीन कोरडी. ठाण्याच्या कचेरीतून त्याने स्वतः उतरवून आणलेली नक्कल होती. मोजणी सन १८६४ची, वीस वर्षं जुनी, पण सरकारी.

शेठजींच्या गिरणीसाठी पाहिलेली ही तिसरी जागा. पहिल्या दोन त्याने गावकऱ्यांचं ऐकून सोडल्या होत्या. एकीत म्हणे मुंजा होता, दुसरीत विहिरीला पाणी लागत नव्हतं. दोन्ही थापा निघाल्या. शेठजी म्हणाले होते, "गुरुदत्तराव, या खेपेस चुकलात तर पुण्याला परत जायचं." तेव्हापासून त्याने मनाशी पक्कं केलं होतं, की नकाशा आणि आपले डोळे, बाकी कुणाचं काही ऐकायचं नाही.

तरी रीत म्हणून त्याने मिठागरावरून येणाऱ्या मालनला विचारलं, "बाई, भरतीचं पाणी इथवर येतं का?"

"आज कशाला येल? आज भांग हाय ना!"

पडक्या बांधावर बसलेला तिचा सासरा दौलत हसला. "भांग हाय तवर बसा सुखानं, सायब."

गुरुदत्तने कपाळाला हात लावला. भर दुपारी, आणि सुनेदेखत! अशांच्या नादी लागून आपण दोन जागा घालवल्या, याचा त्याला मनस्वी संताप आला.

पण गडी कामाचा पक्का. अष्टमीचा उपास होता. त्याच पडक्या बांधावर बसून त्याने उकडलेली रताळी खाल्ली आणि भरतीची वाट पाहिली. दिवेलागणीला पाणी चढलं, तिवरांपाशी थांबलं आणि मागे फिरलं. तिवरांपासून बांधापर्यंत त्याने पावलं मोजली. एकशेवीस.

अहवालात त्याने लिहिलं, 'जागा कोरडी व उत्तम. गावकरी भांगेच्या आहारी गेलेले. त्यांचे बोलणे विचारात घेऊ नये.'

शेठजींनी जागा घेतली. पायाभरणीला जोशीबुवांनी माघी पौर्णिमेचा, दुपारी बाराचा मुहूर्त काढून दिला. त्या दिवशी सकाळीच मांडव उभा राहिला. पायाखाली ओल लागत होती; माघातलं दंव, गुरुदत्त म्हणाला. शेठजी पाहुण्यांना घेऊन आले. गुरुदत्तची बायको सरोज नवं लुगडं नेसून नवऱ्याचं कौतुक बघायला आली होती.

दौलत बांधाच्या उंच टोकावर बसला होता.

"काय दौलतबाबा," गुरुदत्तने सगळ्यांना ऐकू जाईलसं विचारलं, "आज भांग नाही वाटतं?" पाहुणे हसले.

"नाय, सायब."

तेवढ्यात मांडवाच्या तोंडाशी सरोज ओरडली, "अहो, बाहेर काढलेल्या चपला तरंगताहेत!"

दौलतने पाय वर ओढून घेतले.

"भांग आठमीचा, सायब. तवा पानी लांबच ऱ्हातं. आज पुनव. आज उधान."