आधी मुलगे, मग मुली

अन्विता शाळा सुटल्यावर भलत्याच घरी गेली. शाळेच्या लेखी असं काही घडलंच नाही.

माणसांच्या आठवणी फोनात राहायला गेल्यापासून शाळा प्रार्थनेलाच हजेरी क्रमांकाने फोन जमा करून घेई. पोरांना दिवसभर फक्त धडे आठवत. आज मुलामुलींचे हजेरी क्रमांक प्रथमच एकत्र लागले होते, पण शिपाईमामांनी सवयीने आधी मुलगे, मग मुली असे फोन वाटले.

"अन्वी, अगं मी तुझी आई!" वैशाली फाटकात ओरडली.

"काकू, हात सोडा," म्हणत अन्वी पळाली.

मिसरूड फुटलेला एक मुलगा वैशालीला येऊन बिलगला. "आई, डब्यात पुन्हा कारलं?"

मुख्याध्यापक म्हणाले, "फोनची अदलाबदल फक्त प्रार्थनेच्या वेळी, ताई. उद्यापासून दिवाळीची सुट्टी."

वैशालीने अर्ज लिहिला: 'तरी दिवाळीची सुट्टी रद्द करून उद्या शाळा भरवावी, ही नम्र विनंती.'