बिअरच्या वेळेचं गाणं

"आता आमचं एक नवीन गाणं," वेंडल हुडाक माइकमध्ये म्हणाला, आणि मैदानभर माणसं बिअर आणायला उठली.

यात राग कुणाचाच नव्हता. 'स्लॅगयार्ड' बँडच्या कार्यक्रमाची ती रीतच होती. आधी जुनी गाणी ऐकायची, ओरडायचं, मान झटकायची, मानेला झेपेल तेवढीच. मग वेंडलनं 'नवीन' म्हटलं की गुडघे धरून उठायचं आणि रांगेत जाऊन उभं राहायचं. ओहायोतल्या या जत्रेत बिअरच्या तंबूवाल्याला हे इतकं पाठ होतं, की वेंडल गिटार बदलताना दिसला की तो नळावर माणसं वाढवायचा. जत्रा कमिटीनं तर वेंडलला खासगीत सांगितलं होतं, की गाणं कसंही असो, बंद करू नका. विक्री चांगली होते.

एके काळी याच बँडनं स्टेडियमं भरवली होती. पोलाद कारखान्याच्या गावातली चार पोरं, कमरेपर्यंत केस, आणि आवाज असा की पुढच्या रांगेतल्यांना म्हणे सोमवारपर्यंत ऐकू येत नसे. आता चौघांतले दोघं उरले होते, वेंडल आणि ड्रमवाला लू पेत्रिच. केस दोघांत मिळून एकाचे. कार्यक्रम संध्याकाळी पाचला, कारण श्रोत्यांना नऊला झोप येई. वरची पट्टी वेंडलच्या गळ्यातून कधीच निघून गेली होती. ती जागा आली की तो माइक लोकांपुढे धरायचा आणि लोक त्याच्या वतीनं किंचाळायचे. यात आपला सन्मान आहे असं त्यांना वाटे.

तसं सगळं बरं चाललं होतं. फक्त वेंडलचं लिहिणं थांबत नव्हतं. दर हिवाळ्यात एक गाणं व्हायचंच. हळू आवाजातलं, स्टुलावर बसून म्हणायचं.

"लोक इथे एकोणीस वर्षांचे व्हायला येतात," कार्यक्रमाआधी व्हॅनमध्ये लू म्हणाला होता. "आणि तू मधेच त्यांना घड्याळ दाखवतोस."

"उठून जातात त्याचं काही नाही रे. पण ती बाई..."

"झालं! आली बाई."

ती बाई पहिल्या रांगेत, हिरव्या घडीच्या खुर्चीत बसायची. दर ऑगस्टला. सगळे उठून गेले की ती एकटीच आजूबाजूच्या खुर्च्या राखत मागे उरायची. आणि 'नवीन' म्हटलं रे म्हटलं, की दोन्ही हात उचलून कानांकडे न्यायची. वेंडलला पुढचं बघवत नसे. तो डोळे मिटून गायचा. गावच्या पेपरानं त्याला तल्लीनता म्हटलं होतं.

"यंदा तिनं कानांना हात लावला ना," वेंडल म्हणाला, "तर संपलं. पुन्हा नवीन गाणं लिहिणार नाही."

"शपथ?"

"शपथ."

"गाढवा, ही शपथ वीस वर्षांपूर्वी का नाही घेतलीस?" लू म्हणाला.

आणि आता मैदान भराभर मोकळं होत होतं. हिरव्या खुर्चीतले दोन्ही हात वर गेले, कानांपाशी पोचले. वेंडलनं डोळे मिटले. गाणं त्याच्या वडिलांच्या जेवणाच्या डब्याबद्दल होतं, कारखान्यात जाणाऱ्या. तीन कडवी म्हटल्यावर त्यानं चौथं सोडून दिलं. म्हणायचं कुणासाठी?

लूनं वेळ न दवडता त्यांच्या जुन्या, गाजलेल्या ट्रकवाल्या गाण्याचा ठेका धरला. लोक बिअर सांडत धावत आले. सगळ्यांचे हात वर. त्यांत त्या बाईचे कुठले, कळायला मार्ग नव्हता. वेंडलनं वरची पट्टी लोकांच्या हवाली केली आणि त्यांना किंचाळताना बघत राहिला. त्याला छान वाटलं. चला, एक काम कमी झालं.

कार्यक्रमानंतर टी-शर्टच्या टेबलाशी सह्या चालल्या होत्या. पोटावर ताणलेला जुन्या दौऱ्याचा शर्ट घातलेला एकजण पुढे आला. "वेंडल, भावा! मी ग्लेन! तुझा पहिला कार्यक्रम पाहिला तेव्हा माझं लग्नसुद्धा झालं नव्हतं!"

"आणि तरी अजून बहिरा नाही झालास?" लूनं विचारलं.

"काय?" ग्लेन म्हणाला.

त्याच्या मागे, मिटलेल्या दोन खुर्च्या काखेत मारून, ती उभी होती. एक खुर्ची हिरवी.

"मी अर्लीन. याची बायको," ती म्हणाली. "यंदाचं नवीन गाणं नीट संपलं नाही तुमचं. डबा शेवटी घरी आला की नाही, ते सांगितलंच नाहीत. कडवं गाळलंत ना?"

वेंडलचं पेन थांबलं.

"तुम्हाला काय माहीत?" तो म्हणाला. "तुम्ही तर कान झाकून बसता, मॅडम. दर वर्षी बघतो मी. नवीन म्हटलं की लगेच हात कानांवर."

"झाकून?"

अर्लीननं खुर्च्या ग्लेनच्या अंगावर टेकवल्या, पर्समध्ये चाचपलं आणि टेबलावर मूठ उघडली. नारिंगी रंगाचे, दाबून दाबून चपटे झालेले फोमचे दोन बोळे.

"हे कानांत घालते, तुमच्या बाकीच्या गाण्यांसाठी," ती म्हणाली. "नवीन लागलं की काढते."

लूनं कपाळाला हात लावला.

"मेलो," तो म्हणाला. "आता हा पुढच्या वर्षी दोन लिहिणार."