गोठ्यावरचा लिंब

सूर्यावरचे डाग कमी होतायत, पृथ्वी गारठणार, असं मोबाईलवर ऐकल्यापासून काकासाहेबांनी गोठ्यावरचा लिंब तोडायचं मनावर घेतलं होतं. थंडीत गाईंना ऊन नको का मिळायला? कॉलेजात शिकणारी लेक पंकजा म्हणाली, "आबा, सूर्य मंदावला तरी फरक थोडाच पडंल. धुरानं जग तापतंय ते त्याच्याहून लई जास्त." पोरीचं कोण ऐकतंय! एप्रिलातल्या भर दुपारी त्यांनी पाथर्डीहून कटरवाला बोलावलाच. झाडाखालची गाभण गाय सोडून उन्हात ओढली, तर चार पावलांतच ती जीभ काढून धापा टाकू लागली. कटरवाल्यानं सावलीतच बसकण मारली. "ऊन जरा कमी होऊ द्या, काका. मग कापू." पाण्याचा तांब्या पुढं करत बायडाबाई नवऱ्याला म्हणाल्या, "व्हईल की. मोबाईलवाल्यानं सांगितलंय न्हवं?" काकासाहेबांनी गाय वळवली आणि दावं पुन्हा लिंबाच्या बुंध्याला बांधलं.