नऊपैकी पाच

"आबा, बोलायचं नाही. नुसतं खायचं आणि नऊपैकी आकडा लिहायचा," सृष्टीनं बजावलं आणि भुजंगरावांपुढं दोन ताटल्या ठेवल्या. एकीवर 'क' लिहिलेली चिठ्ठी, दुसरीवर 'ख'. दोन्हींत बोटाएवढे तपकिरी तुकडे. शेजारी कोमट पाण्याचा तांब्या, कारण मधे चूळ भरायची होती.

"तोंड धुवून जेवायला बसवणारी तूच पहिली," आबा म्हणाले.

सृष्टी परभणीला अन्नतंत्र शिकत होती. पुरणपोळीच्या चवीचा प्रोटीन बार हा तिचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प. एका ताटलीत शहरातल्या दुकानातून आणलेला तसल्याच चवीचा बार होता, दुसरीत तिनं केलेला. कोणता कुणाचा, हे परीक्षकाला सांगायचं नव्हतं. मंगळवारी प्राध्यापक चाखणार होते, म्हणून ती रविवारी पहिल्या एसटीनं आजोबांकडं बोरीला आली होती.

भुजंगराव जन्मभर आचारी. दोन हजार पानांचं पुरण ते नुसत्या वासावर उतरवायचे. अलीकडं लोक परभणीहून केटरिंग बोलवायला लागले आणि दोन उन्हाळे त्यांना कुणी लग्नाला बोलावलं ते फक्त जेवायला. आज फॉर्मवर 'परीक्षकाचे नाव' लिहिताना त्यांनी पेन जरा सावकाशच चालवला.

'क'चा तुकडा त्यांनी हुंगला, कानाजवळ धरून मोडला, मग तोंडात टाकला. चार लिहिले. चूळ भरली. 'ख'ला जास्त वेळ लागला. डोळे मिटून ते चघळत राहिले, दाढेवरून जीभ फिरवली. पाच लिहिले.

"आता बोलू का?"

"बोला."

"पयल्यात पुरण नाकापुरतं हाय. तोंडात गेलं की रेती. करणाऱ्यानं पुरण कधी पोटभर खाल्लेलं न्हाई."

"आणि दुसरा?"

"दुसऱ्यात डाळ खरी हाय. गूळ बी चांगला हाय. पण करणारा भ्यालेला हाय. जळंल म्हणून पाक लवकर उतरवला, म्हणून दाताला चिकटायलाय. सोयाबीनचा हिरवट वास राह्यला, त्यो झाकायला जायफळ लय घातलं. हात वाईट न्हाई. पण परक्याच्या सैपाकघरात उभा राह्यल्यासारखा हाय."

सृष्टी ताटलीवरची चिठ्ठी सरळ करत बसली. ती सरळच होती.

भुजंगरावांनी तिच्याकडं बघितलं आणि दुसरा तुकडा कुणाचा ते त्यांना कळलं. त्यांनी कागदाकडं हात केला. "आण हिकडं. पाचाचे आठ करतो. माझी जीभ काय आता पयल्यासारखी राह्यली न्हाई."

तिनं कागद मागं ओढला.

"खोडलं की फॉर्म बाद होतो, आबा." ती म्हणाली, "आणि तुमची जीभ आहे तशीच आहे. म्हणून तर आले."

आबांनी 'ख'चा उरलेला तुकडा पुन्हा हुंगला. मग त्यांनी विचारलं, "सोयाबीन भाजलंस कशात?"

"ओव्हनमध्ये. पंधरा मिनिटं."

"ओल्याला बी पंधरा अन् सुक्याला बी पंधरा?"

तिला हसू आलं. आबा गुडघ्यावर हात देऊन उठले.

परसात चूल पेटली. सृष्टीनं वजनकाटा आणला. "भाजायचं तुमच्या मतानं, पण माप माझंच. प्रोटीन मोजलेलं आहे," तिनं आधीच सांगितलं. आबांनी मान हलवली. सोयाबीन कढईत पडलं. कच्चट वास गेला, मग शेंगदाण्यासारखा आला, आणि तो बदलायच्या आत आबांनी बोट वर केलं. तिनं कढई उतरवली.

पाकाच्या वेळी मात्र ते चुलीपासून दोन हात लांब, खाटेवर जाऊन बसले.

"इथं या ना, आबा."

"इथून ऐकू येतं."

गूळ विरघळला, फेसाळला. आधी बुडबुडे उतावीळ होते, भराभर फुटत होते. हळूहळू ते जड झाले. सृष्टीनं पाण्याच्या वाटीत थेंब टाकला, पसरला. पुन्हा टाकला. आता गोळी झाली, पण बोटाला चिकटली. कपाळावरचा घाम पुसायलाही तिनं हातातली पळी सोडली नाही. पाकाचा आवाज बदलला. "उतरव" म्हणायला आबांनी तोंड उघडलं, तोवर तिनं पातेलं खाली घेतलं होतं.

त्यांनी तोंड मिटलं आणि टोपी नीट केली.

सोबत आणलेलं पुरण, भाजलेल्या सोयाबीनचं पीठ आणि दाणे पाकात मिसळून तिनं मिश्रण ताटात थापलं, कोमट असताना सुरीनं तुकडे कापले. जायफळ आबांनी चिमटीत धरून दाखवलं तेवढंच.

निवलेले तुकडे ताटात मांडून होते, तेवढ्यात मनकर्णाआजी शेतातून आल्या. गवताचा भारा टाकला, हातपाय धुतले, आणि कुणाला न विचारता एक तुकडा उचलून तोंडात टाकला. फॉर्म, क, ख, त्यांना काही ठाऊक नव्हतं. सृष्टी त्यांच्या जबड्याकडं बघत होती. आजींनी दुसरा तुकडा घेतला आणि नवऱ्याकडं वळल्या.

"कुणाकडं कार्य हाय? मला सांगितलं न्हाई."

"कालेजात," चुलीतलं लाकूड मागं ओढत भुजंगराव म्हणाले. "आचारी ही हाय. मी हाताखाली होतो."