चार बोटं

हिनाच्या भावाचं, जिग्नेशचं, लग्न झालं ते साल २०२३. हातावरची मेंदी अजून लाल होती, तोच ती लॅपटॉप घेऊन धाकटी डहाणूला आली. रजेचे दोन दिवस उरले होते आणि कंपनीला होडी बांधणाऱ्या माणसाचा पाच मिनिटांचा व्हिडिओ हवा होता.

"तू करतेस काय नेमकं?" चंद्रावतीने बांबूवर बोंबील टांगता टांगता विचारलं.

"हे डिझाइनचं सॉफ्टवेअर आहे ना काकी, ते लोकांना दाखवत फिरते. आज पुणं, उद्या कोइमतूर, परवा दुबई."

"विकतेस?"

"नाही. नुसतं सांगते."

"सांगत मीपण दारोदार फिरते. पण माझी टोपली रिकामी होते."

हिनाला हसू आलं. चंद्रावतीचा नवरा नारू मात्र हसला नाही. एकेचाळीस होड्या बांधलेला माणूस. आता हात थरथरतात म्हणून बांधत नव्हता. कागदावर त्याने कधी रेघ ओढली नाही. भिंतीवर खिळ्यांना दोऱ्या टांगलेल्या होत्या, एका होडीची एक दोरी, मापामापाला गाठ. त्यातली सर्वांत काळी पडलेली दोरी त्याने उतरवली.

"मशीनवर ही काढ."

"कुणाची होती?"

"भिकाची. माझा धाकटा भाऊ."

चंद्रावतीचा हात बांबूवर थांबला. मग पुन्हा चालू झाला.

हिनाने मोबाइल स्टँडवर लावून रेकॉर्डिंग सुरू केलं. नारू गाठ धरून माप सांगत गेला, ती ते लॅपटॉपमध्ये भरत गेली. डावं अंग पुरं झालं तशी तिने एक बटण दाबलं. उजवं अंग आपोआप उमटलं. अर्धं आपण काढायचं, उरलेलं अर्धं मशीन काढतं. चौदा वर्षं प्रत्येक शहरात लोक इथेच टाळ्या वाजवत आले होते.

नारू जवळ सरकला. "पाण्यात घाल."

तिने घातली.

"आता खालून दाखव. माशाला दिसते तशी."

हे तिला कुठल्याच शहरात कुणी सांगितलं नव्हतं. तिने होडी फिरवली. वर पाणी, पाण्यात उतरलेलं होडीचं पोट. नारूचं बोट काचेला न लागता त्या पोटावरून नाळेपर्यंत, होडीच्या पुढच्या टोकापर्यंत गेलं आणि परत आलं.

"एवढ्या बांधल्या," तो म्हणाला, "पण तरंगताना हे अंग कधी बघितलं नाही." थोडा वेळ तो बघतच राहिला. मग म्हणाला, "आता ओलं जाळं भर. अडीचशे किलो धर. डाव्या अंगाला. भिका डावखुरा होता, सगळं डावीकडेच ओढायचा."

होडी डावीकडे कलली. काठ पाण्यापासून वीतभर वर राहिला आणि होडी तिथेच थांबली.

"थांबली," चंद्रावती म्हणाली. बोंबील हातात तसेच धरून ती पाठीमागे येऊन उभी होती. "बघितलंत ना? सव्वीस वर्षं मी हेच सांगतेय. भिका गेला त्या दिवशी दर्याच तसा होता."

"ही भिकाची नाही."

"आता काय राहिलं?"

"अर्धी माझी आहे. अर्धी हिच्या मशीनची." नारूने दोरी मांडीवर ठेवली. "उजव्या अंगाची एक फळी वाकेना. जाळ दिला, पाणी मारलं, तरी नाही. नारळी पौर्णिमा चार दिवसांवर आलेली. तशीच ठोकली. उजवं अंग चार बोटं फुगीर राहिलं. दोरीत ते नाही."

चंद्रावती हिनाकडे वळली. "राहू दे ना, पोरी. सरळ झालीय तर राहू दे."

हिनाने मोबाइलकडे पाहिलं. व्हिडिओला लागतं ते सगळं आलं होतं: गाठी, म्हातारी बोटं, पाण्यावर उभी होडी. लॅपटॉप मिटला असता तर कुणाचं काही अडलं नसतं. पण चार बोटांनी काय होतं, ते आता तिलाही बघायचं होतं. दोन्ही अंगं सारखी ठेवणारं ते बटण तिने बंद केलं. उजवं अंग चार बोटं बाहेर ओढलं.

होडी डावीकडे गेली आणि थांबली नाही. पाणी काठावरून आत आलं.

कावळा बोंबलांवर उतरला, तरी चंद्रावती हलली नाही.

"फुगीर अंगाला पाणी जास्त उचलतं. आता जाळं उजव्या अंगाला टाक," नारू म्हणाला.

हिनाने जाळं उजवीकडे नेलं. होडी हळूहळू उठली आणि सरळ उभी राहिली.

"एवढंच," नारू म्हणाला. "एवढंच सांगायचं होतं त्याला."

"मग सांगितलं का नाही?" चंद्रावतीने विचारलं. सव्वीस वर्षांत तिने हे पहिल्यांदाच विचारलं असावं.

"त्याने विचारलं होतं. होडी कशी झालीय, दादा. मी म्हटलं, डोळे मिटून ने."

हिनाने रेकॉर्डिंग बंद केलं. नारूने दोरी उचलली. शेवटच्या गाठीपुढे चार बोटं मोजली आणि तिथे एक गाठ मारायला घेतली. ती बसेना. चंद्रावतीने बोंबील खाली ठेवले आणि दोरीचं दुसरं टोक ताणून धरलं.

भिका १९९७ साली, नारळी पौर्णिमेनंतर नवव्या दिवशी, बुडून मेला. नारू २०२४ च्या मार्चमध्ये गेला, घरात, सकाळी.